गंभीर हिवतापावरील औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम : क्विनाईन ते आर्टेसुनेट

प्रस्तावना

माणसाला होणाऱ्या हिवतापाच्या परजीवींमध्ये प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम हा सर्वांत घातक आहे. त्याच्या संसर्गात रुग्ण बेशुद्ध होतो, त्याला झटके येतात, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात किंवा रक्त झपाट्याने कमी होते, तेव्हा त्या अवस्थेला गंभीर हिवताप म्हणतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास असा रुग्ण बहुधा दगावतो. पण औषध दिल्यानंतरही प्रकृती आणखी बिघडली, तर त्याचे कारण आजार मानायचे की औषध? या औषधांच्या दुष्परिणामांची अनेक लक्षणे आजाराच्या लक्षणांसारखीच असल्यामुळे हा प्रश्न वैद्यकात वारंवार उभा राहिला. त्याची उत्तरे कशी मिळत गेली, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

1. सिंकोनाची साल आणि कानातील गुणगुण

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात वाढणाऱ्या सिंकोना झाडाची साल 17व्या शतकात जेझुइट धर्मगुरूंमार्फत युरोपात पोचली. 1820 मध्ये पॅरिस येथे पेलेतिए आणि काव्हाँतू या रसायनज्ञांनी त्या सालीतून क्विनाईन वेगळे केले. औषधाची मात्रा आता मोजून देता येऊ लागली. मात्रेबरोबर वाढणारा त्रासही स्पष्ट दिसू लागला: कानात गुणगुण, कमी ऐकू येणे, डोकेदुखी, मळमळ, अंधूक दिसणे. या लक्षणसमूहाला 'सिंकोनिझम' असे नाव आहे.

1860 च्या दशकात ब्रिटिश सरकारने निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड सुरू केली. पुढे बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून क्विनाईनच्या स्वस्त पुड्या विकल्या जाऊ लागल्या. मराठीत या औषधाचे 'कोयनेल' हे नाव रुळले. औषध सर्वत्र पोचले, तरी ते नेमाने घेतले जाईलच असे नव्हते. कडू चव आणि कानातील गुणगुण यांमुळे ते मध्येच सोडले जाई आणि अर्धवट उपचार झालेला ताप उलटत असे.

2. काळ्या लघवीचा वाद

19व्या शतकात आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत राहणाऱ्या युरोपीयांमध्ये एक भयंकर आजार दिसू लागला. तापात अचानक लाल रक्तपेशी मोठ्या प्रमाणात फुटत, लघवी काळपट होई, कावीळ होई आणि अनेकदा मूत्रपिंडे बंद पडून रुग्ण दगावत असे. याला 'ब्लॅकवॉटर फीव्हर' म्हणत. हे रुग्ण बहुतेक वेळा अनियमितपणे क्विनाईन घेणारे असत.

यावर मोठा वाद झाला. काहींच्या मते हे हिवतापाचेच उग्र रूप होते, तर काहींना हा स्वतंत्र आजार वाटे. जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी क्विनाईनलाच दोषी धरले. डॉक्टरांपुढील पेच खरा होता. क्विनाईन द्यावे तर रक्तपेशी फुटण्याची भीती आणि न द्यावे तर हिवताप जीव घेणार. 20व्या शतकाच्या मध्यास क्लोरोक्विनने क्विनाईनची जागा घेतली आणि हा आजार दुर्मिळ झाला. यातून क्विनाईनचा संबंध स्पष्ट झाला, पण दोष एकट्या औषधाचा नव्हता. फॅल्सिपेरमचा संसर्ग आणि काही रुग्णांत जी6पीडी या विकराची जन्मजात कमतरता यांचाही त्यात वाटा असतो.

3. बेशुद्धीचे दुसरे कारण

1950 च्या दशकाच्या अखेरीपासून क्लोरोक्विनला न जुमानणारे परजीवी आग्नेय आशियात आणि दक्षिण अमेरिकेत आढळू लागले. गंभीर रुग्णांसाठी डॉक्टर पुन्हा क्विनाईनकडे वळले. ते शिरेतून झपाट्याने दिल्यास रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ते सलाईनमधून काही तासांत सावकाश देतात.

एक दुष्परिणाम मात्र बराच काळ लपून राहिला होता. मेंदूच्या हिवतापाचा रुग्ण औषध देऊनही शुद्धीवर आला नाही, तर ते आजाराचे लक्षण मानणे साहजिकच होते. 1983 मध्ये निकोलस व्हाईट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमधील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्विनाईन स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास उद्युक्त करते, त्यामुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, असे त्यांनी दाखवले. गरोदर स्त्रियांना हा धोका विशेष असतो. आजारामुळेही साखर उतरते, त्यामुळे दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली होती. साखर कमी झाल्याने येणारी बेशुद्धी ग्लुकोज देऊन हटवता येते. म्हणजे ज्या खाटेवर 'आता वाट पाहण्याशिवाय उपाय नाही' असे वाटे, तिथे रक्ताच्या एका थेंबाची तपासणी निर्णायक ठरू लागली.

4. दोन मोठ्या चाचण्या

1967 मध्ये चीनमध्ये '523' या नावाचा गुप्त संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्यात तू यूयू यांच्या गटाने जुन्या चिनी वैद्यकग्रंथांचा आधार घेत एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन मिळवले. या कामासाठी त्यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिरेतून देता येणारे आर्टेसुनेट हे याच कुळातले औषध.

क्विनाईन आणि आर्टेसुनेट यांची तुलना करणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशिया येथील 1461 रुग्णांचा त्यात समावेश होता. भारतातील रुग्ण राउरकेला येथील इस्पात जनरल हॉस्पिटलमधील होते. क्विनाईन गटात 22 टक्के, तर आर्टेसुनेट गटात 15 टक्के रुग्ण दगावले. उपचारानंतर साखर उतरण्याचा धोका क्विनाईन गटात सुमारे तिप्पट होता. 2010 मध्ये आफ्रिकेतील 9 देशांतील 5425 मुलांवरील चाचणीतही मृत्यूचे प्रमाण 10.9 टक्क्यांवरून 8.5 टक्क्यांवर आलेले दिसले. एकेका रुग्णाकडे पाहून जे कळत नव्हते, ते हजारो रुग्णांच्या तुलनेतून कळले. यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ आणि मुले या दोघांसाठीही आर्टेसुनेटला पहिली पसंती दिली.

5. उशिरा फुटणाऱ्या पेशी

आर्टेसुनेटही पूर्णपणे निर्दोष नाही. 2010 नंतर युरोपात उपचार घेतलेल्या काही प्रवाशांमध्ये, ताप बरा झाल्यावर एक ते चार आठवड्यांनी, लाल रक्तपेशी फुटून रक्तक्षय झालेला आढळला. त्याचे कारण औषधाच्या यशातच आहे. आर्टेसुनेट परजीवीला लाल पेशीच्या आत, कोवळ्या अवस्थेतच मारते. प्लीहा तो मेलेला परजीवी पेशीतून काढून टाकते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. पण अशा पेशींचे आयुष्य कमी असते. सुरुवातीला परजीवींची संख्या खूप असेल, तर अशा पेशीही खूप असतात आणि त्या थोड्याच काळात फुटतात.

तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. थकवा, पिवळे डोळे किंवा काळपट लघवी दिसली, तर ताप उलटला किंवा अशक्तपणा राहिला असे घरच्यांना वाटू शकते. म्हणून उपचारानंतर चार आठवडे रक्ताची तपासणी करावी आणि घरी जातानाच ही लक्षणे रुग्णाला समजावून सांगावीत, हे महत्त्वाचे आहे.

सारांश

काळी लघवी, न उतरणारी बेशुद्धी आणि उशिरा येणारा रक्तक्षय या तिन्ही बाबतींत औषधाचा परिणाम आजाराच्या आड लपू शकत होता. तो ओळखल्यावर प्रत्येक वेळी औषध टाकून द्यावे लागले असे नाही. कधी देण्याची पद्धत बदलली, कधी नवी तपासणी जोडली गेली, तर कधी अधिक चांगले औषध आले. दुष्परिणामाचे वजन नेहमी उपचाराविना होणाऱ्या मृत्यूच्या तुलनेत करावे लागते. हे वजन करण्यासाठी रुग्णावर लक्ष ठेवणे मात्र रुग्णालयाच्या दारापाशी थांबवता येत नाही.

स्वाध्याय

1. 'ब्लॅकवॉटर फीव्हर'चे कारण ठरवणे कठीण का गेले?
2. क्विनाईनमुळे साखर उतरते हे समजल्याने रुग्णसेवेत कोणता बदल झाला?
3. आर्टेसुनेटचे यश आणि त्याचा उशिरा दिसणारा दुष्परिणाम यांचा संबंध स्पष्ट करा.