कॅन्सस सिटीतील ‘युनियन’

अमेरिकेतील मिसूरी राज्यात कॅन्सस सिटी नावाचे शहर आहे. तेथील केम्पर अरीना ह्या क्रीडागृहात रविवार, दि. २३ मे १९९९ रोजी रात्री आठ मल्लांची एक सामुदायिक कुस्ती झाली. चार मल्ल एका बाजूस व चार दुसऱ्या. पहिल्या टोळीचे नाव ‘कॉर्पोरेट मिनिस्ट्री’. तिचा म्होरक्या कुस्ती कंपनीच्या मालकाचा सख्खा मुलगा. दुसऱ्या टोळीने आपले नाव ‘युनियन’ असे ठेवले होते आणि तिचे वीर हाती लाकडी फळ्या घेऊन रिंगणात उतरत. मालकाने पिळलेले, आता उलटून उभे राहिलेले गडी, अशी त्यांची भूमिका. कुस्ती झाली आणि युनियन जिंकली. प्रेक्षकांनी गजर केला.

त्याच रिंगणात, त्याच रात्री, ह्या कुस्तीच्या थोड्याच वेळ आधी एक माणूस छतावरून पडून मेला होता. आणि ज्या कंपनीने ‘युनियन’ नावाची टोळी रंगमंचावर आणली, त्या कंपनीत खरी युनियन तेव्हाही नव्हती, आधीही नव्हती आणि नंतरही झाली नाही. आज आम्हांला ह्या रात्रीचा इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कामगार चळवळीतील माणसाने ह्या नाटकी कुस्तीवर व्याख्यान द्यावे, ह्याचे काही श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. खासबागेच्या लाल मातीवर कोणी बोलले असते तर ते शोभले असते, असेही कोणी म्हणेल. परंतु हा प्रकार आपणांस अगदीच परका नाही. मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग ह्यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या पाहावयास आमच्या वडिलांच्या पिढीने गर्दी केली होती. पुढे नव्वदच्या दशकात केबल आली आणि चाळीचाळींतील पोरे अमेरिकन मल्लांची उंची-वजने छापलेले पत्ते खेळू लागली. ‘हे सारे खोटे असते’ असे त्यांना सांगणारा एखादा काका प्रत्येक चाळीत होताच.

तर तो काका बरोबर होता का? अर्धा. ह्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते, म्हणजे आपण जिला नुरा कुस्ती म्हणतो तीच ही. पण निकाल ठरलेला असला म्हणून पडणे खोटे होत नाही. अडीचशे-तीनशे पौंडांचा गडी पाठीवर आपटतो तेव्हा खाली फळ्या असतात, फळ्यांवर पातळसे अस्तर असते आणि वर ताणलेले कापड. आपटणाऱ्याने समोरच्याची मान सांभाळावयाची असते, आणि पडणाऱ्याने आपला जीव त्याच्या हाती द्यावयाचा असतो. हे दोघे शत्रू म्हणून ओरडत असतात, पण खरे पाहता एका यंत्रावरचे दोन जोडीदार असतात. हे कामच आहे, आणि कष्टाचे काम आहे. वर्षातून दोनदोनशे रात्री, आज ह्या गावी तर उद्या दुसऱ्या.

ह्या कामाला काम म्हणावयाचे की खेळ म्हणावयाचे की नाटक, हा प्रश्न वरवर पाहता पंडिती आहे. पैशाच्या दृष्टीने तो मुळीच पंडिती नाही. १९८९ साली वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन ह्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वच्छ कबूल केले की, आमची कुस्ती ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे गुपित प्राणपणाने जपले ते एकदम का सांगितले? खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडामंडळाची देखरेख आली, परवाने आले, सामन्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी आली, शिवाय दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर कर आला. करमणूक म्हटली की हे सारे लोढणे सुटते. आता करमणूक म्हटली तर नट आले, आणि अमेरिकेत नटांची संघटना बळकट आहे, तिचे दर आहेत, निवृत्तिवेतन आहे. पण मल्लांशी केलेल्या करारात ते नटही नव्हते, खेळाडूही नव्हते, नोकर तर नव्हतेच. ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’ होते. हा कंत्राटदार परवानगीवाचून दुसऱ्या कंपनीत कुस्ती करू शकत नाही. कोठे, केव्हा, कोणाशी लढावे आणि हरावे हे कंपनी सांगते. अंगावरचे सोंगही कंपनी ठरवते. मात्र गावोगावचे गाडीभाडे, मुक्काम आणि आजारपणाचा विमा ह्यांपुरता तो पूर्ण स्वतंत्र! आमच्याकडील कंत्राटी कामगारांच्या फायली ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना ह्या स्वातंत्र्याची चव निराळी सांगावयास नको.

मग ह्या धिप्पाड माणसांनी संघटना का केली नाही? एकदा प्रयत्न झाला होता. त्यासाठी आपणांस तेरा वर्षे मागे जावे लागेल.

सोमवार, दि. ७ एप्रिल १९८६. त्या दिवशी ‘रेसलमेनिया’ ह्या वार्षिक सोहळ्याचा दुसरा प्रयोग झाला आणि तो एकाच रात्री तीन शहरांत झाला : न्यूयॉर्कजवळ युनियनडेल येथे, शिकागोजवळ रोझमाँट येथे, आणि लॉस एंजेलिसमध्ये. एका ठिकाणच्या कुस्त्या संपल्या की दुसऱ्या ठिकाणच्या सुरू, आणि बाकीच्या दोन ठिकाणचे लोक त्या पडद्यावर पाहत. तिन्ही मिळून ४० हजारांहून थोडे अधिक प्रेक्षक होते, असे कंपनीचे आकडे सांगतात. पण खरे गिऱ्हाईक क्रीडागृहाबाहेर होते. काही शहरांत लोकांनी तिकीट काढून बंद सभागृहांतील पडद्यावर कार्यक्रम पाहिला, आणि काही भागांत घरच्या केबलवर, त्या एका कार्यक्रमापुरते पैसे मोजून. ह्यालाच ‘पे-पर-व्ह्यू’ म्हणतात. घरी बसलेल्या माणसाने आगाऊ पैसे दिलेले असतात, म्हणून ठरल्या घटकेला पडदा उघडलाच पाहिजे. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. मालकाची सगळ्यांत मोठी कमाई आणि मालकाची सगळ्यांत नाजूक घटका ह्या धंद्यात एकच असते.

हे ज्याच्या ध्यानात आले त्याचे नाव जेसी व्हेंच्युरा. मिनेसोटाचा रहिवासी, पूर्वीचा नौसैनिक. फुप्फुसांत रक्ताच्या गाठी झाल्याने कुस्ती सुटलेली, म्हणून तो समालोचन करीत असे. त्या रात्री लॉस एंजेलिसला तोच ध्वनिक्षेपकापुढे होता. ह्या कार्यक्रमाच्या सुमारास कपडे बदलण्याच्या खोलीत, कचेरीचे कोणी नाही असे पाहून त्याने मल्लांना सांगितले की, जाहिराती झाल्या आहेत, तिकिटे विकली आहेत, आता आपण सारे एक झालो तर मालकाला बोलणे भाग आहे. ही हकीकत त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे. दुसऱ्या दिवशी मालक व्हिन्स मॅकमहोन ह्याचा त्याला फोन आला आणि ही भाषा बंद कर अशी तंबी मिळाली. संप झाला नाही. तिन्ही शहरांत कुस्त्या ठरल्याप्रमाणे पार पडल्या.

शिकागोच्या बाजूची एक कुस्ती आम्हांला फार बोलकी वाटते. एकाच रिंगणात वीस माणसे; वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला तो बाद. ह्या विसांत चौदा मल्ल होते आणि सहा अमेरिकन फुटबॉलमधले, काही खेळत असलेले, काही निवृत्त. ह्या सहांच्या धंद्यात खेळाडूंची युनियन होती आणि तिने १९८२ साली ५७ दिवसांचा संप केला होता. चौदांच्या धंद्यात काहीच नव्हते. सहाही फुटबॉलवाले बाद झाले, आणि अखेरीस आंद्रे द जायंट ह्या महाकाय मल्लाने शेवटच्या गड्याला बाहेर फेकून कुस्ती जिंकली. तो शेवटचा गडी म्हणजे कॅनडातील कॅलगरी गावचा ब्रेट हार्ट. हार्ट हे नाव पुढे येणार आहे.

मालकाला बातमी दिली कोणी? १९९१ साली व्हेंच्युराने कंपनीवर दावा लावला, तो ह्या बाबतीत नव्हे, तर आपल्या आवाजाच्या चित्रफिती विकून मिळालेल्या पैशातील हिश्शाबद्दल. १९९४ साली ज्युरीने त्याला आठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली आणि वरच्या न्यायालयाने १९९५ साली तो निकाल कायम केला. त्या दाव्यातील साक्षीत मॅकमहोनला शपथेवर विचारण्यात आले की युनियनची गोष्ट तुम्हांस कोणी सांगितली. त्याने नाव घेतले हल्क होगनचे. ७ एप्रिलच्या रात्रीची शेवटची कुस्ती, पोलादी पिंजऱ्यातली, किंग काँग बंडी नावाच्या पहाडाशी लढून जिंकणारा तो होगन. साऱ्या कंपनीत सर्वाधिक कमावणारा. २०२५ साली तो निवर्तला. मेलेल्या माणसाची निंदा करण्याची आमची इच्छा नाही. ज्याचा सौदा मालकाशी एकट्याने चांगला जमतो त्याला इतरांच्या सौद्याची धास्ती वाटते, हे आम्ही गिरण्यांपासून बंदरापर्यंत सगळीकडे पाहिले आहे. त्यात अमेरिकन असे काही नाही. व्हेंच्युरा मात्र चित्रपटांत गेला, तेथे नटांच्या संघटनेचा सभासद झाला, आणि १९९८ साली मिनेसोटाच्या गव्हर्नरपदी निवडून आला.

आता पुन्हा १९९९. त्या रात्रीच्या कार्यक्रमाचे नाव ‘ओव्हर द एज’. तोही पे-पर-व्ह्यू. ओवेन हार्ट हा ब्रेटचा धाकटा भाऊ, वय ३४. त्यांचा बाप स्टू हार्ट ह्याने कॅलगरीला आयुष्यभर कुस्तीचा फड चालवला. म्हणजे मुलगा पिढीजात कारागीर. त्याला ‘ब्लू ब्लेझर’ नावाच्या एका पोकळ डौल मिरवणाऱ्या मुखवटाधारी वीराचे विनोदी सोंग दिलेले होते. ह्या वीराने छतावरून दोराने तरंगत यावे, रिंगणाजवळ येताच दोरातून सुटावे आणि तोंडघशी पडावे, म्हणजे लोक हसतील, अशी योजना होती. पटकन सुटता यावे म्हणून थोड्याशा ओढीने उघडणारी खटक्याची कडी वापरली होती. जो माणूस शिडाच्या होड्यांवर काम करतो त्याला ही कडी ठाऊक असते. दोर झटकन मोकळा व्हावा म्हणूनच ती घडवलेली असते. सुमारे ७८ फुटांवरून माणूस टांगावयास ती लावली गेली, आणि तीही एका हशासाठी.

कार्यक्रमात दोन कुस्त्या झाल्या. तिसरीसाठी दिवे मालवले, घरच्या पडद्यावर आधी चित्रित केलेली मुलाखत लागली. त्या अंधारात कडी सुटली. ओवेन रिंगणाच्या कोपऱ्याशी दोरावर आदळून आत पडला. क्रीडागृहातील सोळा हजारांवर लोकांपैकी पुष्कळांना हाही खेळाचाच भाग वाटला, आणि त्यांना दोष देता येणार नाही, कारण वर्षानुवर्षे त्यांना तसेच शिकवलेले होते. घरच्यांना पडणे दिसले नाही. समालोचक जिम रॉस ह्याला पुनःपुन्हा सांगावे लागले की हे सोंग नव्हे, हे खरे आहे.

ओवेनला रुग्णालयात नेले. तेथे त्याला मृत घोषित करण्यात आले. आणि सुमारे पाव तासाच्या खोळंब्यानंतर पुढची कुस्ती सुरू झाली.

त्या कुस्तीत उतरणाऱ्यांत जेफ जॅरेट होता. त्याच वर्षाच्या आरंभी तो आणि ओवेन जोडीचे विजेते होते, एकमेकांचे जिवलग. ज्या कापडावर मित्र पडला त्याच कापडावर त्याला ठरलेल्या वेळी ठरलेली कुस्ती करावी लागली. आम्ही येथे क्षणभर थांबू इच्छितो. एखाद्या कारखान्यात साच्याखाली माणूस सापडला तर काय होते? साचा थांबतो. दयेने नव्हे, शेजारच्या साच्यावरचे गडी हात आखडतात म्हणून थांबतो. हे हात आखडणे कोठून येते, ते आपोआप येत नाही, त्यामागे कित्येक वर्षांच्या सभा, वर्गण्या आणि बडतर्फ्या असतात. जॅरेटच्या मागे ह्यांपैकी काहीच नव्हते. तो भ्याला असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल. ‘मी उतरत नाही’ असे त्याने म्हटले असते तर तो एका कंत्राटदाराचा करारभंग ठरला असता, इतकेच.

त्यानंतर आणखी एक कुस्ती, आणि मग ‘युनियन’ची. फळ्या घेऊन चार गडी आले, मालकाच्या मुलाच्या टोळीशी लढले, जिंकले. अपघातानंतर सुमारे तासाभराने जिम रॉसने घरच्या प्रेक्षकांना मृत्यूची बातमी दिली. क्रीडागृहातल्यांना ती सांगण्यात आली नाही. शेवटी अंडरटेकरने स्टीव्ह ऑस्टिनकडून अजिंक्यपदाचा पट्टा घेतला आणि कार्यक्रम वेळेत संपला.

ओवेनची पत्नी मार्था हिने मिसूरीत दावा लावला. कंपनीने उलट कनेक्टिकटमध्ये दावा केला की, करारानुसार तंटा आमच्याच राज्यातील न्यायालयात चालावयास हवा. म्हणजे मेल्यावरही माणूस कराराने बांधलेलाच. नोव्हेंबर २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरांवर तडजोड झाली आणि त्यातील पैशातून मार्थाने पतीच्या नावे एक धर्मादाय संस्था उभी केली. २००८ साली तीन माजी मल्लांनी, आम्ही कंत्राटदार नसून नोकर होतो, असा दावा कनेक्टिकटमध्ये केला. तो २००९ साली मुख्यतः मुदतीच्या मुद्द्यावर निघाला. ‘स्वतंत्र कंत्राटदार’ हे शब्द जेथले तेथेच राहिले.

‘युनियन’ नावाची टोळी त्या रात्रीनंतर काही आठवड्यांतच कथानकातून नाहीशी झाली. ‘ओव्हर द एज’ची चित्रफीत कंपनीने विक्रीस काढली नाही. २०१४ साली आपल्या नव्या वाहिनीवर तो कार्यक्रम तिने ठेवला, तेव्हा आरंभी ओवेनला श्रद्धांजली होती आणि त्याचा भाग वगळलेला होता. ‘युनियन’ची कुस्ती मात्र त्यात आहे.