जाळ्याचे ओझे कोणी वाहायचे?



या व्यासपीठावर इतिहास म्हटला म्हणजे तो गडकोटांचा, संतांचा किंवा स्वातंत्र्यलढ्याचा, अशी आपली सवय आहे. त्या विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते आपणांस दरवर्षी लाभतात. मी जो इतिहास सांगणार आहे तो जेमतेम साठ वर्षांचा आहे. त्यात तलवार नाही की तुरुंग नाही. सर्व्हर नावाचे एक लोखंडी कपाट, त्यात बसवायचे वीतभर लांबीचे एक कार्ड आणि त्या कार्डाला कामाला लावणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली, एवढीच पात्रे. हा विषय मला कोणी शिकविला नाही. माझे शालेय शिक्षण दहावीला संपले आणि इंग्रजी मी कारखाना कायद्याची कलमे वाचता वाचता शिकलो. हा इतिहास मला वाचावा लागला, कारण एका मुलाची नोकरी जाण्याच्या बेतात होती.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी तरुणपणी रसायनांच्या कारखान्यात हेल्पर होतो. त्या पट्ट्यातले पुष्कळ कारखाने पुढे बंद पडले आणि कित्येक ठिकाणी आता खिडक्या नसलेल्या, थंड हवेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांत सर्व्हर ठेवतात. तेथे रात्रपाळीला कंत्राटी मुले असतात. त्यांतला एक मुलगा एका सकाळी आमच्या कचेरीत आला. हातात आरोपपत्र. आरोप असा, की रविवारी रात्री त्याने केलेल्या कामामुळे एक सर्व्हर मुका झाला, ग्राहकांची कामे चार तास खोळंबली, सबब कर्तव्यात हयगय.

"काका, कागदावर सात ओळी लिहिल्या होत्या. सातही मी केल्या. आठवी असती तर तीही केली असती," तो म्हणाला.

ती आठवी ओळ कोणती हे समजून घेण्यासाठी मला १९६७ सालापर्यंत मागे जावे लागले. आपणही माझ्याबरोबर यावे.

त्या वर्षी अमेरिकेतील अॅन आर्बर येथे संगणकशास्त्रज्ञांची एक बैठक झाली. निरनिराळ्या विद्यापीठांतील संगणक टेलिफोनच्या तारांनी एकमेकांस जोडावेत, अशी योजना लॅरी रॉबर्ट्स यांनी तेथे मांडली. रॉबर्ट्स हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'अर्पा' या संशोधन संस्थेत होते. योजना ऐकून जमलेले विभागप्रमुख काही आनंदले नाहीत. त्यांचे संगणक आधीच कामाने वाकलेले; त्यांत परगावच्या संदेशांची ने-आण आणखी कोणी करावयाची? मी ही हकीकत वाचली तेव्हा मला हसू आले. नवे काम आले, की ते कोणाच्या अंगावर पडणार, हा प्रश्न प्रयोगशाळेतही गोदीइतकाच जुना आहे. बैठक संपल्यावर वेस्ली क्लार्क यांनी रॉबर्ट्स यांना तोडगा सुचविला: मोठ्या संगणकांना हात लावू नका, प्रत्येकाच्या दाराशी एक लहान संगणक बसवा, आणि संदेशांची हमाली त्याच्याकडे द्या.

या लहान यंत्राला 'इम्प' म्हणत. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बीबीएन या कंपनीने हनीवेलच्या डीडीपी-५१६ या संगणकापासून ती यंत्रे बनविली. पहिले यंत्र १९६९ च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचले. वजन चारशे किलोच्या वर. जाळ्याचा भार मुख्य यंत्रावरून काढून घेणारे हे पहिलेच ठळक उदाहरण, आणि आजच्या वीतभर कार्डाचा तो आजोबा.

परंतु आजोबा दारात येऊन उभा राहिला म्हणजे घर चालू लागत नाही. मोठ्या यंत्राने त्याच्याशी बोलावे कसे, संदेश त्याच्या हाती द्यावा कसा आणि घ्यावा कसा, ही आज्ञावली कोणी लिहावयाची? बीबीएनने आपली हद्द आखून दिली होती. हद्दीपलीकडचे काम ज्याचे त्याने करावयाचे. प्रत्येक विद्यापीठाचे यंत्र वेगळे, म्हणून प्रत्येकाची आज्ञावलीही वेगळी. हे काम शेवटी विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडले. त्यांतला स्टीव्ह क्रॉकर याने ७ एप्रिल १९६९ रोजी एक टिपण काढले आणि आपल्याला अधिकार आहे की नाही या संकोचाने त्याला 'अभिप्रायासाठी विनंती' असे नम्र नाव दिले. त्या मालिकेत पुढे हजारो टिपणे निघाली. पहिल्याचा विषय होता 'होस्ट सॉफ्टवेअर', म्हणजे यजमान यंत्रावरची आज्ञावली.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून चार्ली क्लाइन याने स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील यंत्राकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवावयास घेतला. एल गेले, ओ गेले, आणि तिसऱ्या अक्षराला पलीकडचे यंत्र कोसळले. तार तुटली नव्हती, इम्पही चुकला नव्हता. दोष पलीकडच्या यजमान यंत्रावरच्या आज्ञावलीत होता. तासाभरात तो दुरुस्त झाला. त्या रात्री कोणाला आरोपपत्र मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढची तीस-बत्तीस वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ईथरनेट काढले. इम्पचे कपाट जाऊन संगणकाच्या पोटातच जाळ्याचे कार्ड आले. १९८० पर्यंत त्याचा वेग सेकंदाला एक कोटी बिट झाला, १९९५ साली दहा कोटी, १९९८ साली शंभर कोटी, आणि २००२ साली हजार कोटी.

आता हा वेग म्हणजे काय ते पाहू. कार्डावर संदेशाची एक पुडी आली, की कार्ड मुख्य प्रोसेसरला हाक मारते. हातातले काम टाकून ये, पुडी घे. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. पुड्या अगदी लहान असतील, तर एक कोटी बिटांच्या तारेवर सेकंदाला १४,८८० येऊ शकतात. हजार कोटींच्या तारेवर हाच आकडा १ कोटी ४८ लाख ८० हजार होतो. एका पुडीच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम दीड कोटीवा भाग येतो. आमच्या युनियनच्या कचेरीत फोन वाजू लागले, की अर्ज लिहिणे बंद पडते. प्रत्येक फोन उचलायचा, 'जरा थांबा' म्हणायचे, तोच दुसरा वाजतो. संध्याकाळी पाहावे तर दिवसभर राबलो आणि एकही अर्ज गेला नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली संगणकाच्या नेमक्या या अवस्थेचे वर्णन केले. यंत्र थांबलेले नसते, उलट जिवाच्या आकांताने धावत असते. पण सारी शक्ती हाकेला ओ देण्यातच संपते आणि पुडी मुक्कामी पोचत नाही. उपाय साधा निघाला. गर्दी झाली की हाका बंद करावयाच्या आणि प्रोसेसरने सवडीने दाराशी जाऊन साठलेल्या पुड्या एकदम उचलावयाच्या. लिनक्समध्ये अलेक्सी कुझ्नेत्सोव, जमाल हादी सलीम आणि रॉबर्ट ओल्सन यांनी ही रीत बसविली. त्यांचा निबंध २००१ सालचा आहे.

दुसरा उपाय कारखानदारांचा. कार्डावरच प्रोसेसर बसवा आणि जाळ्याच्या व्यवहाराचा सगळा हिशेब, टीसीपी म्हणतात तो, कार्डाकडेच सोपवा. अशी कार्डे विकण्यासाठी १९९७ पासून कंपन्या निघाल्या. मायक्रोसॉफ्टने २००६ साली आपल्या सर्व्हर प्रणालीत त्यांची सोय केली. लिनक्सच्या जाळेविभागाची मंडळी मात्र अडून बसली. २००५ साली चेल्सिओ या कंपनीने या कामासाठी देऊ केलेली आज्ञावली त्यांनी नाकारली. त्यांचे म्हणणे असे: कार्डाच्या पोटात काय चालले आहे ते आम्हांला दिसणार नाही. त्यात सुरक्षिततेची चूक सापडली तर आम्हांला ती सुधारता येणार नाही. आमचे पहारे चुकवून पुड्या जातील. आणि दोन-चार वर्षांत मुख्य प्रोसेसर इतके वेगवान होतील की कार्डाची मातब्बरी उरणार नाही.

ही कारणे वाचताना मी थबकलो. काम कंत्राटदाराला द्यावयाचे, चुकीची जबाबदारी मात्र आपल्या माथी घ्यावयाची आणि आत डोकावण्याचा अधिकार गमावावयाचा: याच कारणांसाठी आम्ही गेटवर सभा घेतो. पण त्या मंडळींनी सरसकट नकारही दिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुडीची बेरीज तपासणे आणि मोठ्या गोणीच्या लहान पुड्या बांधणे, ही कामे त्यांनी कार्डाला खुशाल दिली. गोणी उचलू दिली, वही दिली नाही. मायक्रोसॉफ्टची ती सोय पुढे २०१६ च्या सर्व्हर आवृत्तीपासून मोडीत काढण्याच्या यादीत गेली. याचा अर्थ कार्डे हरली असाही नव्हे. आज मोठ्या मेघ-कंपन्यांच्या सर्व्हरांत कितीतरी अधिक हुशार कार्डे आहेत. पण तेथे कार्ड, आज्ञावली आणि सर्व्हर ही तिन्ही एकाच मालकाची असतात. फरक तेवढ्यात आहे.

आता ड्रायव्हरकडे वळू. प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. ड्रायव्हर हा बाहेरचा पाहुणा नव्हे, तो कर्नेलच्याच माजघरात बसतो; त्याने घोटाळा केला तर सारे घर बसते. लिनक्सच्या बाल्यावस्थेत ईथरनेट कार्डांचे पुष्कळसे ड्रायव्हर डोनाल्ड बेकर या एका माणसाने लिहिले. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनी बाजारातले साधे सोळा संगणक जोडून 'बेओवुल्फ' नावाचा स्वस्त महासंगणक उभा केला, तो त्याच ड्रायव्हरांच्या बळावर. ते लिनक्सच्या मूळ झाडातच ठेवलेले असत. या व्यवस्थेत एक अलिखित करार आहे. कर्नेलच्या आतल्या जोडण्या केव्हाही बदलतील. जो बदलेल त्याने झाडातल्या सगळ्या ड्रायव्हरांची दुरुस्तीही करावयाची. जो ड्रायव्हर झाडाबाहेर आहे, त्याचे कोणी पाहणार नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी हे धोरण लिहून ठेवले आहे, आणि २००७ साली त्यांनी कारखानदारांना जाहीर सांगितले, की तुमच्या यंत्राची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. पुष्कळांनी माहिती दिली. काहींनी स्वतःचाच ड्रायव्हर बाहेरून वाटत राहणे पसंत केले.

त्या मुलाच्या सर्व्हरमधले कार्ड या दुसऱ्या जातीचे होते. असे कार्ड बसविण्याची रीत मी त्याच्याकडून तीनदा ऐकली, चौथ्यांदा त्याला म्हणून दाखविली. आधी यंत्राला कार्ड दिसते का ते पाहावयाचे. मग चालू कर्नेलची जी नेमकी आवृत्ती असेल तिच्या शीर्षक-फायली आणावयाच्या, कारण ड्रायव्हर त्या मापावरच बेतावा लागतो. कारखानदाराने दिलेली मूळ आज्ञावली 'मेक' या आज्ञेने बांधावयाची. तयार झालेले मॉड्यूल त्या आवृत्तीच्या कप्प्यात ठेवावयाचे, कप्प्याची यादी नव्याने करावयाची, 'मॉडप्रोब' म्हणून ते चढवावयाचे आणि कर्नेलची रोजनिशी वाचावयाची. हे सर्व दोन वर्षांपूर्वी कोणीतरी नीट केले होते. तो माणूस नोकरी सोडून गेला होता.

रविवारच्या रात्री मुलाने सुरक्षिततेसाठी कर्नेल नवे केले. नव्या कर्नेलचा कप्पा नवा, आणि त्यात त्या कार्डाचे मॉड्यूल नाही. मापे घेऊन शिवलेला सदरा जुन्या घरी राहिला. सर्व्हर उठला, कार्ड दिसले, पण तार मुकी. यावर दोन उपाय होते. ड्रायव्हर पुन्हा बांधणे हा एक. जुन्या कर्नेलवर यंत्र परत उठविणे हा दुसरा, दहा मिनिटांचा. दोन्ही त्याला ठाऊक होते. परंतु सात ओळींबाहेर काही करावयाचे तर वरिष्ठांची परवानगी लागे, आणि वरिष्ठांचा फोन सकाळपर्यंत उचलला गेला नाही. फोन केल्याच्या वेळा त्याने वहीत लिहिल्या होत्या. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर ड्रायव्हर आपोआप बांधून देणारी डीकेएमएस ही सोय डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ च्या सुमारास काढली, ती फुकट आहे, आणि त्या सर्व्हरवर ती कोणी बसविली नव्हती.

चौकशीच्या दिवशी मी भाषण केले नाही. चौकशी अधिकाऱ्यांना तीन कागद मागितले: सात ओळींचा तो कागद, कार्ड-कारखानदाराची सूचनापुस्तिका, आणि हजेरीची वही. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते, की कर्नेल बदलल्यास ड्रायव्हर पुन्हा बांधावा. मी विचारले, "साहेब, ही पुस्तिका या मुलाला कधी दिली होती, त्याची पोच दाखवा." पोच नव्हती. पुस्तिका कपाटात, कपाटाची किल्ली दिवसपाळीकडे.

आरोपपत्र तीन आठवड्यांनी मागे घेतले गेले. नवा कागद मी पाहिला आहे. त्यात आता आठ ओळी आहेत. आठवी त्या मुलानेच लिहून दिली, खाली कोणाचेही नाव नाही. निलंबनाच्या दिवसांचा कापलेला पगार अजून मिळालेला नाही. त्याचा अर्ज गेल्या सोमवारी मी पुन्हा दाखल केला.