सोमवार गेला, अर्धा शनिवार आला

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या सामन्याची पारंपरिक वेळ म्हणजे शनिवारी दुपारी तीन. लोकांनी घरी न बसता मैदानावर यावं म्हणून शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तिथल्या दूरचित्रवाणीवर आजही सामने थेट दाखवत नाहीत. या तीनच्या ठोक्याचं मूळ खेळात नाही, गिरणीच्या भोंग्यात आहे. आणि त्या भोंग्यामागे एक जुना सौदा आहे.

अठराव्या शतकातले विणकर, चांभार, शेफील्डचे सुरी-कात्री करणारे कारागीर घरी किंवा छोट्या कारखान्यात काम करत. मजुरी नगावर. शनिवारी पैसे हाती पडत, रविवार दारूत जाई आणि सोमवारी सरळ खाडा. या खाड्याला त्यांनी थट्टेनं संतपद दिलं होतं: ‘सेंट मंडे’. कुठल्याच चर्चच्या यादीत नसलेला हा संत फार भक्तिभावानं पाळला जाई. कोंबड्यांच्या झुंजी, लग्नं, सहली, सगळं सोमवारी. राहिलेलं काम गुरुवार-शुक्रवारी रात्री जागून उरकायचं. १७२०च्या दशकात लंडनच्या छापखान्यात काम करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिननं आपण सोमवारी कधीच दांडी मारली नाही आणि त्यामुळे मालक खूश होता, हे आत्मचरित्रात आवर्जून नोंदवलं आहे.

वाफेच्या इंजिनाला हा संत परवडेना. बॉयलर पेटला की शंभर माग एकदम चालायला हवेत. त्याआधीच, १७६९ साली सुरू केलेल्या आपल्या एट्रुरिया कारखान्यात जोसाया वेजवुडनं कुंभारांना घंटेवर कामाला लावायची खटपट केली होती. जत्रा आली की ते तरीही पसार होत. मग हजेरी आली, दंड आले. सणांवरही कुऱ्हाड पडली. बँक ऑफ इंग्लंड वर्षाला तेहतीसेक सणांना बंद असे. १८३४ मध्ये त्या सुट्ट्या चारवर आल्या.

नफ्याच्या जोडीला नीतीही उभी राहिली. १८३१ मध्ये रविवार पवित्र राखण्यासाठी संस्था निघाली. पुढच्याच वर्षी प्रेस्टनमध्ये जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या साथीदारांनी दारूचा थेंबही न घेण्याची शपथ घेतली. पण या सज्जनांपुढे एक पेच होता. मजुरी शनिवारी रात्री मिळे, पुष्कळदा गुत्त्यातच. मग बाजार करायचा कधी? रविवारी सकाळी, प्रार्थनेच्या वेळी! करमणूक म्हणावी तर रविवारी संग्रहालयांनाही कुलूप. ब्रिटिश म्युझियम रविवारी उघडायला १८९६ उजाडलं. रविवार निर्मळ ठेवायचा तर बाजारहाट आणि खेळ दुसरीकडे हलवणं भाग होतं. म्हणून शनिवारची दुपार मोकळी करा, असं धर्मोपदेशकही म्हणू लागले. कामगाराला विश्रांती हवी होती, मालकाला सोमवारची हजेरी, पाद्र्याला रविवार आणि दारूबंदीवाल्याला शुद्धीवरचा माणूस. चौघांची गाठ शनिवारी दुपारी पडली.

१८४३ मध्ये विल्यम मार्सडेनच्या पुढाकारानं मँचेस्टरच्या व्यापारी पेढ्यांनी अर्धा दिवस मान्य केला. कायदा आला १८५० मध्ये: कापडगिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायचं. पुरुषांचा त्यात उल्लेख नव्हता, पण बायका-मुलं निघून गेल्यावर गिरणी चालणार कशी? अर्थात हे फुकट नव्हतं. १८४७च्या कायद्यानं झगडून मिळवलेला दहा तासांचा दिवस आता साडेदहा तासांचा झाला. शनिवारच्या दुपारची किंमत आठवडाभर रोज अर्धा तास जास्त राबून वळती होत होती.

दिलेल्या वेळाचं काय करायचं, हेही देणाऱ्यांनी ठरवून ठेवलं होतं: वाचनालय, बागा, व्याख्यानं, अंगाला व्यायाम. चर्चमधून फुटबॉलचे संघ निघाले. ॲस्टन व्हिला १८७४ मध्ये आणि एव्हर्टन १८७८ मध्ये असेच जन्मले. ८ सप्टेंबर १८८८ रोजी, शनिवारीच, बारा संघांची लीग सुरू झाली. मैदानं भरली, बाजूचे गुत्तेही भरले आणि पैजा लागू लागल्या. नीतीच्या नावानं मिळालेली दुपार लोकांनी आपल्या मर्जीनं खर्च केली.

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सह्या गोळा करून ती मागितली. २४ एप्रिल १८९०च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्यात दोन स्त्रियांनी भाषणं केली. १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला. गंमत अशी की भारतात कामाचे तास आवळावेत म्हणून इंग्लंडातल्या लँकशायरचे गिरणीमालकही जोर लावत होते. त्यांच्या कळवळ्यात मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती मिसळलेली होती.

पूर्ण शनिवार मोकळा व्हायला इंग्लंडातही वेळ लागला. नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीनं १९३४ मध्ये पाच दिवसांचा आठवडा पक्का केला. नव्या कारखान्यात माल गरजेपेक्षा जास्त निघत होता आणि माणसं कमी करायची नव्हती. आपल्याकडे बँकांचा ‘हाफ डे’ १ सप्टेंबर २०१५ पासून गेला: दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टीचा झाला, बाकीचे पूर्ण कामाचे. तिथेही देवाणघेवाणच.

२०२२ मध्ये ब्रिटनच्या ६१ कंपन्यांनी चार दिवसांचा आठवडा करून पाहिला. प्रयोगाचं यश मोजताना पुन्हा उत्पन्न किती, गैरहजेरी किती, हेही तपासलं गेलं. दमलेल्या माणसाला विसावा हवा, एवढं कारण १८५० मध्ये पुरलं नव्हतं. सुट्टीनं आधी कामाला आपला उपयोग पटवून द्यावा, ही गिरणीच्या काळातली अट अजून कुणी काढून टाकलेली नाही.