पावसाळ्याआधी गाडीचे वायपर तपासलेत का? ब्लेड कसं निवडायचं आणि कसं सांभाळायचं?

जूनच्या पहिल्या दोन-तीन सरी पडल्या की पिंपरी-चिंचवडकरांना लोणावळा खुणावू लागतो. आकुर्डीतून निघायचं, निगडीचा भक्ती-शक्ती चौक, देहूरोड, तळेगाव मागे टाकायचं आणि गरम भजीच्या गाडीपाशी थांबायचं. जाताना सगळं छान असतं. परत येताना मात्र रात्र झालेली असते. समोरून येणाऱ्या ट्रकचा हेडलाइट काचेवर पडतो आणि अर्धी काच पांढरी होते. वायपर फिरत असतो, पण रस्ता दिसत नाही.

"पाऊसच फार होता," असं आपण घरी येऊन सांगतो. खरं तर बऱ्याचदा दोष असतो तो काचेवरच्या दीड-दोन फुटी रबराच्या पट्टीचा. ती खराब झालेली असते उन्हाळ्यात, आपल्याला कळतं पावसाळ्यात!

गंमत म्हणजे आकुर्डी हे बजाज ऑटोचं गाव. शेजारी पिंपरीत टाटा मोटर्स, पुढे चाकणला महिंद्रा आणि फोक्सवॅगन. इथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी गाड्यांच्या कारखान्यात काम करतं. तरीही स्वतःच्या गाडीचा वायपर शेवटचा कधी बदलला, हे विचारलं तर बहुतेकांना आठवत नाही.

वायपर नेमकं काय करतो?

अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये वायपरचं पेटंट मिळालं. त्यांचा वायपर आतून दांडा हलवून हाताने चालवायचा होता. आज मोटर आली, सेन्सर आले, पण मूळ कल्पना तीच आहे. रबराची बारीक धार काचेला सारखी चिकटून राहिली पाहिजे.

वायपरचा आर्म स्प्रिंगच्या जोरावर ब्लेडला काचेवर दाबतो. ब्लेड एका बाजूला जाताना रबराची धार थोडी मागे झुकते आणि परत येताना दुसऱ्या बाजूला कलते. रबर मऊ असेल तर ही पलटी सहज होते आणि पाण्याचा अगदी पातळ थर मागे राहतो. रबर कडक झालं की धार पलटत नाही. मग ती काचेवर उड्या मारते, करकरते आणि पाणी फासत जाते.

उन्हाळा रबराचा शत्रू का?

आपल्याकडे ऑक्टोबर ते मे असे जवळपास आठ महिने वायपरला फारसं काम नसतं. तो तापलेल्या काचेवर पडून असतो. कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उन्हात उभी राहते. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यामुळे रबर कडक होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात.

त्यात एमआयडीसी आणि तळवडे-चाकण रस्त्याची धूळ काचेवर बसते. ट्रकच्या धुराचा तेलकट थर त्यावर चढतो. अशा कोरड्या काचेवर वायपर फिरवणं म्हणजे काचेला पॉलिश पेपर मारणं. रबराची धार जाते आणि काचेवर कायमचे ओरखडे उठतात.

म्हणूनच साधारण ६ महिने ते १ वर्ष हे ब्लेडचं आयुष्य धरून चाला. गाडी कमी चालली, वायपर वापरलाच नाही, म्हणून तो नवा राहत नाही.

बदलायची वेळ आली, हे कसं ओळखाल?

• बारीक रेघा उमटतात : धारेत कचरा अडकला आहे किंवा रबर फाटलं आहे. आधी ओल्या कापडाने पुसून पाहा. रेघ तशीच राहिली तर ब्लेड बदला.
• एक रुंद पट्टा पुसलाच जात नाही : ब्लेडची फ्रेम वाकली आहे किंवा दाब सगळीकडे सारखा पडत नाही.
• धुरकट थर राहतो : बहुतेकदा काच तेलकट असते. आधी काच धुवा, मग वायपरला दोष द्या.
• वायपर थडथडतो, करकरतो : रबर कडक झालं आहे किंवा आर्म वाकला आहे.

एक सोपी परीक्षा रात्री करा. गाडी सुरक्षित जागी रस्त्यावरच्या दिव्यासमोर उभी करा, काचेवर पाणी मारा आणि वायपर तीन-चार वेळा फिरवा. दिवसा न दिसणारा धुरकटपणा प्रकाश समोरून आला की लगेच उघडा पडतो.

नवीन ब्लेड घेताना

ब्लेडचे मुख्य तीन प्रकार आहेत. जुना फ्रेमचा वायपर स्वस्त असतो, पण त्याच्या सांध्यांत धूळ बसते. फ्लॅट ब्लेडला वरची फ्रेम नसते. आतली पोलादी पट्टी रबराला काचेच्या वळणाप्रमाणे दाबते. हायब्रिड ब्लेडमध्ये फ्रेमवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. रबराऐवजी सिलिकॉनचं ब्लेडही मिळतं. ते महाग असतं, पण ऊन जास्त सोसतं.

प्रकारापेक्षा माप महत्त्वाचं! चालकाच्या आणि शेजारच्या बाजूचं माप बऱ्याच गाड्यांत वेगळं असतं. गाडीच्या माहितीपुस्तकात बघा किंवा जुनं ब्लेड मोजून न्या. मोठं ब्लेड घेतलं तर ते दुसऱ्या ब्लेडला किंवा काचेच्या कडेला अडकतं. आर्मला हुक आहे, बटण आहे की पिन, हेही दुकानात दाखवा. काही ब्लेडमध्ये फक्त रबर बदलता येतं. फ्रेम चांगली असेल तर त्यात खर्च वाचतो.

बदलताना एक काळजी नक्की घ्या. ब्लेड काढल्यावर उघडा आर्म सटकून काचेवर आपटला तर काच तडकू शकते. आधी काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा.

निगा कशी राखाल?

१. आठवड्यातून एकदा काच आणि रबराची धार ओल्या स्वच्छ कापडाने पुसा. तेलकट काचेला गाडीचा शाम्पू वापरा.
२. रबराला रॉकेल, पेट्रोल किंवा तेल लावू नका. रबर फुगतं आणि लवकर खराब होतं.
३. धूळ असेल तर आधी वॉशरचं पाणी मारा, मग वायपर फिरवा. टाकीत धुण्याची पावडर घालू नका, नोझल तुंबतो.
४. वायपर अर्ध्यावर असताना गाडी बंद करू नका.
५. शक्यतो गाडी सावलीत लावा. झाडाखाली लावली तर काचेच्या तळाशी साचलेली पानं काढून टाका.

वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायचा, ही ट्रकचालकांची जुनी युक्ती आहे. गॅरेजपर्यंत पोचायला ती थोडी मदत करते, पण वायपरची जागा घेत नाही. अशा वेळी पाऊस कमी होईपर्यंत सुरक्षित जागी थांबणं केव्हाही चांगलं.

काहीशे रुपये आणि २२ मीटर

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. काच एकच सेकंद पांढरी झाली, तरी तेवढं अंतर आपण आंधळेपणाने कापतो. पुण्यात वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त. म्हणजे आकुर्डीच्या पावसात चालून गेलेला वायपर घाटात चालेलच असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही काच असलेल्या गाड्यांना नीट चालणारा वायपर हवा, असं सांगितलं आहे.

दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तोवर पाऊस बहुधा सुरू झालेला असतो. त्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा वायपरच्या धारेवरून बोट फिरवून बघा. खरखरीत लागली तर भजी खायला निघण्याआधी स्पेअर पार्टच्या दुकानात जा!