एकतीस पहिले नंबर

गेल्या रविवारी दुपारी सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि मी शेजारी मटार सोलत होते. डोकावून पाहिलं तर भलामोठा तक्ता! त्यांच्या कंपनीत एकाच वेळी ४३ कामं चालू आहेत, आणि त्यातलं कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठलं बंदच करायचं हे सुचवायची जबाबदारी हिच्यावर आली आहे. या सगळ्या गाठोड्याला म्हणे 'प्रोजेक्ट पोर्टफोलिओ' म्हणतात. शेवटच्या रकान्यात प्राधान्यक्रम लिहिलेला. मोजत बसायची मास्तरकीची खोड काही जात नाही. मोजले. ४३ पैकी ३१ कामांपुढे 'पी-वन' लिहिलं होतं.

"पी-वन म्हणजे पहिला नंबर ना गं?"

"हो आई."

"मग एका वर्गात एकतीस पोरं पहिली आली कशी?"

ती हसली, पण ते दमलेलं हसू होतं. म्हणाली, "प्रत्येक साहेबाला आपलं काम पहिलंच वाटतं. दुसरा नंबर दिला की माणसं मिळत नाहीत."

मंडळी, तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध आम्ही चार पानांत उरकत असू. पर्ल हार्बर, हिरोशिमा, संपलं. पण निवृत्तीनंतर निवांत वाचताना त्या युद्धातली एक भानगड मला फार आवडली होती. तिच्यात तोफेचा आवाज नाही, सगळी कागदांची लढाई. सूनबाईचा तक्ता पाहून तीच आठवली. तिला सांगितली, म्हटलं इथेही लिहावी.

अमेरिका युद्धात उतरायच्या आधीपासूनच, १९४० पासून, तिथे लष्करी मालाच्या ऑर्डरींना क्रमांक द्यायची पद्धत सुरू झाली होती. कारखानदाराकडे दोन ऑर्डरी आल्या तर वरच्या क्रमांकाची आधी पुरी करायची. साधा, सरळ नियम. सगळ्यात वरचा वर्ग 'ए-१'. थोड्याच दिवसांत सगळ्यांना ए-१ हवा झाला, म्हणून त्याचे तुकडे पाडले, ए-१-ए पासून ए-१-जे पर्यंत. मग ए-१-ए मध्येच चेंगराचेंगरी. १९४२ च्या मध्याला त्याच्याही वर 'एए' नावाची नवी मालिका काढली, आणि तिच्याही डोक्यावर 'एएए'. आमच्या वेळी ६० टक्क्यांना पहिला वर्ग म्हणत. पुढे डिस्टिंक्शन आलं, आता नव्वदवाल्यालाही प्रवेशाची धाकधूक असते. तसलाच प्रकार!

यातली खरी मेख अशी, की क्रमांक म्हणजे फक्त रांगेतली जागा. रांगेतला माणूस किती घेऊन जाणार, ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही. रेशनच्या दुकानात पुढच्या पाच जणांनी पोतीच्या पोती उचलली तर सहाव्याला साखर कुठून मिळणार? लष्कर आणि नौदलाचे अधिकारी वरचे शिक्के सढळ हाताने मारत, त्यामुळे खालच्या ऑर्डरी अडकून पडत. आणि खाली अडकलेल्यांत कधी कधी असा एखादा सुटा भाग असे, ज्याच्यावाचून वरचा माल पुराच होत नसे.

त्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४२ ला संसदेपुढे आकडे जाहीर केले. त्या वर्षी ६०,००० विमानं आणि ४५,००० रणगाडे, पुढच्या वर्षी १,२५,००० विमानं आणि ७५,००० रणगाडे. पर्ल हार्बरला जेमतेम महिना झालेला. देशाला धीर द्यायला असे आकडे लागतात, ते मी समजू शकते. पण ते पुरे करायला पोलाद, तांबं आणि ॲल्युमिनियम किती लागेल, याची बेरीज कुणी केली होती?

न्यू ऑर्लीन्सला अँड्र्यू हिगिन्स नावाचे बोटी बांधणारे गृहस्थ होते. १९४२ च्या मार्चमध्ये त्यांना २०० मालवाहू जहाजांचं काम मिळालं. त्यासाठी प्रचंड नवी गोदी बांधायला घेतली. जुलैत सरकारने ते काम रद्द केलं, कारण जहाजांना पुरेसं पोलादच नव्हतं. अर्ध्यावर आलेली गोदी तशीच पडली. तिच्यात गेलेलं सामान आणि राबलेले हात दुसरीकडे कामी आले असते.

इथे थोडं थांबून माझ्याच घरचं सांगते.

साल १९८६. मी तेव्हा एका शाळेत पर्यवेक्षिका होते (नाव नको). वर्षाच्या शेवटी इमारत आणि साहित्य यासाठी १८,००० रुपये हाती होते. मुख्याध्यापकांनी सगळ्यांकडून मागण्या मागवल्या आणि पुढे 'आवश्यक' की 'अत्यावश्यक' ते लिहायला सांगितलं. एकूण एक मागण्या 'अत्यावश्यक' आल्या. कुंपणाची भिंत, प्रयोगशाळा, खेळाचं सामान, आणि माझे इतिहासाचे नकाशे. होय, मीही 'अत्यावश्यक' लिहिलं, वर लाल शाईने खूणसुद्धा केली.

त्या यादीत मुलींची स्वच्छतागृहं कुणीच लिहिली नव्हती. साडेतीनशे मुलींना दोन, त्यातल्या एकाचं दार मोडकं. मोठ्या वर्गातल्या मुली दिवसभर पाणी पीत नसत, हे मला ठाऊक होतं. सभेत आम्ही दोघी बायका आणि बाकी सगळे पुरुष. तो विषय काढायचा मला संकोच वाटला. नकाशांचा नाही वाटला.

भांडण नको म्हणून मुख्याध्यापकांनी पैसे सगळ्यांना थोडेथोडे वाटले. भिंत कमरेएवढी झाली आणि थांबली. प्रयोगशाळेत बर्नर आले, पण गॅसच्या जोडणीला पैसे उरले नाहीत. मला दोन नकाशे मिळाले.

अमेरिकेत मात्र ती न केलेली बेरीज एका माणसाने करून दाखवली. सायमन कुझनेट्स त्याचं नाव. पिन्स्कला जन्मलेला, १९२२ साली अमेरिकेत आलेला अर्थशास्त्रज्ञ. देशाचं राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं, याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. (पुढे १९७१ मध्ये नोबेलही मिळालं.) जानेवारी १९४२ मध्ये 'वॉर प्रॉडक्शन बोर्ड' स्थापन झालं होतं, त्याच्या नियोजन समितीत हा आणि त्याचा शिष्य रॉबर्ट नेथन. त्यांनी हिशोब मांडला की १९४३ साठी लष्कराने मागितलेला माल आणि बांधकामं मिळून ९० अब्ज डॉलरच्या वर जातात, आणि देशाच्याने एवढं होणं शक्य नाही. हट्टाने सगळंच एकदम सुरू केलं तर सगळंच अर्धवट राहील.

सप्टेंबरमध्ये हा अहवाल जनरल सॉमरव्हेल यांच्याकडे गेला. लष्कराच्या पुरवठ्याचे ते प्रमुख. गडी मोठा कर्तबगार, पेंटागॉनची अवाढव्य इमारत उभी राहिली ती त्यांच्या धडाक्याने. अहवाल वाचून ते भडकले. विचारी माणसांच्या नजरेस हा पडू नये, लपवून ठेवावा, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी लिहून पाठवलं. नेथननेही तितकंच झणझणीत उत्तर दिलं.

६ ऑक्टोबर १९४२ ला बोर्डाच्या बैठकीत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. सॉमरव्हेल हटेनात. तेव्हा किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या खात्याचे लिऑन हेंडरसन उसळले. ९० अब्जांत ज्यांना युद्ध लढता येत नाही, ते सेनाप्रमुख बदलून दुसरे आणावेत, असं तोंडावर बोलले! युद्ध ऐन भरात असताना, जनरलसमोर! मला हा प्रसंग वाचताना आमची ती सभा आठवते आणि मान खाली जाते.

त्यानंतर सूत्रं हलली. नोव्हेंबरात सेनाप्रमुखांनी १९४३ चा कार्यक्रम सुमारे ८० अब्जांपर्यंत खाली आणला. आणि त्याच महिन्यात, २ तारखेला, फर्डिनांड एबरस्टॅट यांची नवी योजना जाहीर झाली. हे मूळचे पैशांच्या व्यवहारातले, त्यामुळे माल त्यांनी पैशासारखा मोजला. पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम या तीनच गोष्टी धरल्या. दर तिमाहीला लष्कर, नौदल, जहाजखातं, नागरी पुरवठा वगैरेंनी आपली गरज टनांत सांगायची, वर सगळ्यांची बेरीज व्हायची, कात्री लागायची, आणि प्रत्येकाला ठरावीक वाटा मिळायचा. मग त्या वाट्यात काय करायचं आणि काय सोडायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. महिन्याच्या एक तारखेला आम्ही पगाराची पाकिटं करत असू, किराणा, दूध, फी... अगदी तसंच. एका पाकिटात जास्त घातले की दुसरं हलकं झालेलं डोळ्यांना दिसतं.

१९४३ च्या जुलैपासून ही पद्धत पूर्ण लागू झाली. त्या वर्षी सुमारे ८६,००० विमानं झाली. सव्वा लाख नव्हेत, पण आदल्या वर्षी ४८,००० च्या आसपास झाली होती, हे लक्षात घ्या. रणगाडे ७५,००० च्या निम्मेही केले नाहीत, कारण तितके लागणार नाहीत असं ठरवलं गेलं. एबरस्टॅट मात्र योजना चालू होण्याआधीच, फेब्रुवारीत, बोर्डातल्या भांडणात नोकरीला मुकले. माणूस गेला, योजना राहिली.

क्रमांक अगदीच निरुपयोगी होते असंही नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये जनरल ग्रोव्ह्ज यांनी अणुबॉम्बच्या कामासाठी 'एएए' शिक्का मागितला. बोर्डाचे प्रमुख डोनाल्ड नेल्सन आधी नाही म्हणाले. राष्ट्राध्यक्षांकडे जातो म्हटल्यावर सही झाली. तो शिक्का चालला, कारण तो फार थोड्यांकडे होता. त्या कामातून पुढे काय निघालं ते आपण जाणतोच. ते वेगळंच दुखणं आहे, असो.

सूनबाई सगळं ऐकत होती. मध्येच विचारलं, "आई, मग त्या स्वच्छतागृहांचं काय झालं?"

"तीन वर्षांनी झाली. एका पालक बाईंनी लेखी अर्ज दिला तेव्हा. तोवर मुलींच्या तीन तुकड्या दहावी होऊन गेल्या होत्या."

ती काही बोलली नाही. तक्त्यातला 'पी-वन'चा रकाना तिने झाकला आणि शेजारी नवा उघडला : माणसं किती, आठवडे किती. रात्री साडेअकराला बेरीज झाली. जेवढी माणसं आहेत त्यांच्या दुपटीहून जास्त लागत होती.

सोमवारी तिची मीटिंग होती. संध्याकाळी आली, चपला काढल्या आणि खुर्चीत बसून राहिली. मी काही विचारलं नाही, चहा टाकला.