चीनची बादशाही टिकली असती तर?

१२ फेब्रुवारी १९१२ रोजीं सहा वर्षांच्या बालबादशहाच्या वतीनें राजमाता लुंग-यू हिनें एक फर्मान काढलें, आणि चीनमध्यें दोन हजारांहून अधिक वर्षें चालत आलेली बादशाही संपुष्टांत आली. शेजारच्या जपाननें याच सुमारास राजपद राखूनच आगगाडी, आरमार आणि पार्लमेंट या तिन्ही गोष्टी आणल्या होत्या. मग चीनला तें कां साधलें नाहीं, आणि साधलें असतें तर पुढचा इतिहास कसा घडला असता? प्रश्न कल्पनेचा आहे खरा. परंतु कल्पनेला घडलेल्या गोष्टींचा लगाम घातला, तर त्यांतून बरेंच शिकतां येतें.

पहिली संधि १८९८ सालीं आली. त्यापूर्वीं तीनच वर्षें जपानकडून हार खाऊन चीननें फोर्मोसा बेट गमावलें होतें व २० कोटी टेल चांदी दंड कबूल केला होता. टेल म्हणजे तीन तोळ्यांहून थोडें अधिक वजन. या अपमानानें जागा झालेला तरुण बादशहा क्वांग-सू यानें कांग यू-वेई या विद्वानाचा सल्ला घेऊन ११ जूनपासून सुधारणांचीं फर्मानें काढण्यास आरंभ केला. सरकारी परीक्षांतील सांचेबंद निबंध बंद, निरुपयोगी कचेऱ्या बंद, नव्या शाळा सुरू, पेकिंग म्हणजे आजच्या बीजिंगमध्यें विद्यापीठ. सुमारें शंभर दिवस हा सपाटा चालला. २१ सप्टेंबर रोजीं वृद्ध राजमाता त्झू-शी हिनें सत्ता हातीं घेतली. ती बादशहाची नात्यानें मावशीहि होती आणि चुलतीहि. सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला, कांग परदेशीं निसटला, आणि बादशहा राजवाड्याच्या तळ्यांतील एका बेटावर नजरकैदेंत पडला. बहुतेक फर्मानें रद्द झालीं. विद्यापीठ मात्र टिकलें.

निर्वासित कांग पुढें हिंदुस्थानांत आला व दार्जिलिंगला राहिला. तेथून १९०२ सालीं त्यानें आपल्या शिष्यांना एक दीर्घ पत्र लिहिलें. हिंदुस्थानचे प्रांत मोंगल गादीपासून फुटून स्वतंत्र झाले, म्हणूनच तो देश परक्यांच्या हातीं गेला. तेव्हां चीनच्या प्रांतांनीं तो मार्ग धरूं नये, असा त्याचा मुद्दा होता. मराठी वाचकाला हा युक्तिवाद अपुरा वाटेल. जे प्रांत फुटले त्यांत मराठ्यांचें स्वराज्यहि होतें, आणि तें कां उभें राहिलें हें येथें सांगावयास नको. ज्या गादीला बहुसंख्य प्रजा आपली मानीत नाहीं, तिच्या नांवावर एकी फार काळ टिकत नाहीं. महादजी शिंद्यांनीं पुढें दिल्लीच्या बादशहाला आधार दिला, पण त्यामुळें मोंगल सत्ता पुन्हा जिवंत झाली नाहीं. चीनचा बादशहा मांचू होता व प्रजा बहुतांशीं हान होती. कांगनें दुखणें बरोबर ओळखलें. त्याचें मूळ मात्र खुद्द गादीपाशीं होतें.

१९०० च्या बॉक्सर बंडानंतर परकीय राष्ट्रांनीं ४५ कोटी टेलांचा दंड लादला. तेव्हां ज्या राजमातेनें सुधारकांचीं डोकीं उडविलीं होतीं, तिनेंच सुधारणा हातीं घेतल्या. १९०५ सालीं शेंकडों वर्षांची परीक्षापद्धति बंद झाली, परदेशच्या राज्यघटना पाहण्यास मंत्री पाठविले गेले, आणि २७ ऑगस्ट १९०८ रोजीं भावी घटनेचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यांतील २३ कलमांपैकीं १४ राजाच्या अधिकारांचीं होतीं. प्रजेचे हक्क व कर्तव्यें यांना ९ कलमें, तींहि पुरवणी म्हणून. घटना पूर्णपणें अमलांत येण्यास नऊ वर्षांची मुदत ठरली.

त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरला ३७ वर्षांचा क्वांग-सू वारला, आणि दुसऱ्याच दिवशीं राजमाता वारली. त्याच्या केसांची व कपड्यांची शास्त्रीय तपासणी होऊन सोमलाचा मोठा अंश सांपडल्याचें २००८ सालीं जाहीर झालें. विष कोणीं दिलें तें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु तो जगला असता, तर गादीवर तीन वर्षांचेंहि नसलेलें मूल व राज्यकारभारांत त्याचा अननुभवी बाप यांच्याऐवजीं, सुधारणांसाठीं दहा वर्षें कैद सोसलेला प्रौढ राजा आला असता. हान सुशिक्षितांत त्याच्याविषयीं सहानुभूति होती. चीनच्या राजपदाजवळ एवढें भांडवल दुसरें नव्हतें.

प्रत्यक्षांत काय झालें? १९०९ सालीं प्रांतिक सभा भरल्या व त्यांनीं पार्लमेंट लवकर बोलवावें म्हणून अर्ज केले. दरबारानें १९१३ सालचा वायदा केला. मे १९११ मध्यें पहिलें मंत्रिमंडळ जाहीर झालें. १३ जणांत हान केवळ ४. त्याच महिन्यांत मुख्य रेल्वेमार्ग सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. सेचुआन प्रांतांत लोकांकडून ज्यादा वसुली करून रेल्वेचें भांडवल जमविलेलें होतें; तें पुरतें परत मिळेना, तेव्हां प्रांत पेटला. तेथील दंगा मोडण्यास शेजारच्या प्रांतांतून फौज गेली, आणि १० ऑक्टोबर रोजीं वुचांग येथें नव्या पलटणीनेंच बंड केलें. ३ नोव्हेंबरला दरबारानें १९ कलमांनीं राजाचे बहुतेक अधिकार पार्लमेंटला देऊं केले. हे वरातीमागून घोडें होतें.

आतां कल्पना करावी, कीं हींच १९ कलमें १९०९ सालीं स्वखुषीनें दिलीं गेलीं, आणि मंत्रिमंडळांत हान बहुसंख्य झाले. मग रेल्वेच्या पैशाचा तंटा पार्लमेंटमध्यें वाजला असता. प्रांतिक सभांतले वजनदार लोक, ज्यांनीं १९११ मध्यें क्रांतीला हातभार लावला, ते राजपक्षांतच राहिले असते. मंगोलियाची निष्ठा चीनपेक्षां मांचू बादशहावर होती; ती गादी डळमळतांच डिसेंबर १९११ मध्यें तो देश वेगळा झाला. गादी राहती, तर हा दुवा कदाचित् टिकता. १९१६ नंतर सरदारांच्या फौजांनीं देशाचे तुकडे केले, तेंहि कांहीं अंशीं टळतें. कारण सैन्याला निष्ठा वाहण्यास एक सर्वमान्य स्थान उरलें असतें.

परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. १९०८ च्या मसुद्यांत सैन्याची सत्ता सर्वस्वी राजाकडे होती. पार्लमेंटला तींत हात घालण्याची मनाई होती. जपानांत अशाच व्यवस्थेचा फायदा घेऊन सेनाधिकारी मंत्र्यांना जुमानीनासे झाले, आणि १९३१ सालीं त्यांनीं मांचूरिया घशांत घातला. चीनची राजसत्ता त्या मसुद्यावर टिकती, तर युआन शि-काईसारख्या सेनापतीनें राजाला बाहुलें करून तोच खेळ खेळला असता. शिवाय जपानचा राजा जपानी होता, आणि त्याच्या घराण्यानें शतकानुशतकें प्रत्यक्ष राज्य केलेलें नव्हतें. त्याच्या नांवानें दुसऱ्यांनीं कारभार करणें तेथील लोकांना नवें नव्हतें. मांचू राजपुत्रांना मात्र अधिकार सोडणें म्हणजे सर्वस्व सोडणें वाटे.

म्हणून चीनची बादशाही टिकणें अशक्य नव्हतें, परंतु ती मांचूंची बादशाही म्हणून टिकणें अशक्य होतें. अधिकारांत हानांना भागीदार करणें, ही गादीची किंमत होती. १८९८ मध्यें ती थोडक्यांत भागली असती. १९०८ मध्यें ती वाढली. १९११ मध्यें दरबार ती देण्यास तयार झाला, तेव्हां घेणारा उरला नव्हता. फर्मान काढावें लागलेला बालबादशहा प्यू-यी १९२४ पर्यंत राजवाड्यांत पेन्शनीवर राहिला, १९३४ मध्यें जपान्यांनीं त्याला मांचूरियाच्या गादीवर नामधारी बसविलें, पुढें तो कैदेंत गेला, आणि १९५९ सालीं सुटल्यावर पेकिंगच्या वनस्पतिउद्यानांत काम करूं लागला. १९६७ सालीं त्याच शहरांत तो एक सामान्य नागरिक म्हणून वारला.