पलटणीच्या पोटी जन्मलेलं खातं

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगालमध्ये ‘मिलिटरी बोर्ड’ नावाचं एक मंडळ होतं. फौजेचा शिधा, तोफा आणि दारूगोळा, शिपायांचे कपडे, घोडदळासाठी घोड्यांची पैदास, हे सगळं त्याच्याकडे. आणि रस्ते, पूल, कालवे, सरकारी इमारती हेही त्याच्याकडेच. शेताला पाणी नेणाऱ्या कालव्याचा कागद आणि तट्टांच्या खरेदीचा कागद एकाच गठ्ठ्यात बांधून एकाच मेजावर येत असे. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही सार्वजनिक कामांवर अशाच लष्करी मंडळांची देखरेख होती. आपण ज्याला ‘पीडब्ल्यूडी’ किंवा ‘बांधकाम खातं’ म्हणतो, त्याचं मूळ या गठ्ठ्यात आहे.

हे काम लष्कराकडे गेलं याचं कारण सरळ होतं. कंपनीच्या पदरी इंजिनिअर होते ते फौजेतच. इंग्लंडमधल्या अॅडिस्कंबच्या लष्करी विद्यालयातून पोरगेले कॅडेट बाहेर पडत, वेढा घालणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं शिकत आणि हिंदुस्थानात येत. लढाई नसेल तेव्हा त्यांच्याकडून रस्ता आखून घ्यायचा. रस्त्याचीही गरज आधी तोफेला होती. बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता 1830 मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने खुला केला. माल्कम स्वतः फौजी माणूस. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती, आणि मुंबईची फौज पुण्याला वेळेवर पोचणं ही राज्यकर्त्यांची पहिली निकड होती. कापसाच्या आणि धान्याच्या गाड्या त्याच रस्त्याने चालू लागल्या, हा मागाहून पडलेला लाभ.

लष्करी बोर्डाला हा भार पेलत नव्हता. कामं रखडत, मंजुऱ्या अडकत. 1850 मध्ये कंपनीच्या संचालकांनी इलाख्याइलाख्यात चौकशी समित्या नेमायला लावल्या, आणि अखेर लॉर्ड डलहौसीने 1854 च्या सुमारास बोर्डाकडून ही कामं काढून घेऊन स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं. आजचा केंद्रीय लोकनिर्माण विभाग आपला जन्म जुलै 1854 चा सांगतो. त्याच महिन्यात पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यांत्रिकी शाळा सुरू झाली, ती या कामांसाठी हाताखालची माणसं तयार करायला. पुण्याचं आजचं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे सीओईपी, त्याच वर्गातून वाढलं.

मात्र कागदावर खातं नागरी झालं तरी माणसं बदलली नाहीत. हिंदुस्थान सरकारचा बांधकाम सचिव झाला कर्नल विल्यम बेकर, बंगाल इंजिनिअर्सचा. जिल्ह्याजिल्ह्यांत सही ‘एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर’ म्हणून होई, पण सही करणारा कुणी कॅप्टन तर कुणी मेजर असे. युद्ध पेटलं की हीच माणसं रस्त्यावरून उठून रणावर जात.

याचा सर्वांत बोलका दाखला रिचर्ड बेअर्ड स्मिथचा. हा बंगाल इंजिनिअर्सचा अधिकारी रुडकीला राहून वायव्य प्रांतातल्या कालव्यांचा कारभार पाहत होता. गंगेचा मोठा कालवा 1854 मध्ये नुकताच सुरू झालेला. 1857 चा उठाव झाला आणि त्याला दिल्लीच्या वेढ्यावर बोलावलं गेलं. तिथे तो मुख्य इंजिनिअर. तटाला खिंडार पाडण्यासाठी तोफांचे मोर्चे कुठे बांधायचे हे त्याच्या आणि अलेक्झांडर टेलरच्या आखणीतून ठरलं, आणि सप्टेंबरात त्या खिंडारांतून इंग्रज दिल्लीत शिरले. हा टेलरही पूर्वी लाहोर-पेशावर रस्त्यावर काम केलेला. तीन-चार वर्षांनी वायव्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा सरकारने चौकशीला पाठवला तो पुन्हा बेअर्ड स्मिथ. 1861 मधला त्याचा अहवाल ब्रिटिश अमलातल्या दुष्काळाच्या पहिल्या पद्धतशीर चौकशांमध्ये गणला जातो. पाणी सोडणारा हात, तट फोडणारा हात आणि भुकेची मोजदाद करणारा हात एकाच माणसाचा होता. मला या खात्याचा सगळा स्वभाव इथे दिसतो.

उठावानंतर खात्याच्या पैशाची वाट बदलली. गोऱ्या फौजेची संख्या वाढवायची ठरलं आणि ती ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. 1863 मध्ये शाही आयोगाने हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी 69 असं निघालं, आणि या माणसांचा बळी लढाईपेक्षा ताप, हगवण, पटकी यांनीच अधिक घेतला होता. मग उंच जोत्याच्या, हवेशीर बराकी, छावण्यांना शुद्ध पाणी, गटारं यांवर खात्याने भरपूर पैसा ओतला. कालवा आणि बराक, दोन्हींचे नकाशे एकाच कचेरीत निघत आणि माणसंही तीच पुरवावी लागत. कुणाचं काम आधी, हे सांगायची गरज नव्हती.

खडकवासल्याचं धरण याच काळातलं. रॉयल इंजिनिअर्सच्या फाइफ या अधिकाऱ्याने 1860 च्या दशकात ते सुचवलं. पुणे परगण्यातला दुष्काळी मुलूख भिजवायचा हा हेतू होताच. शिवाय पुण्याच्या कँपाला आणि खडकीच्या छावणीला पाणी हवं होतं. दगडी धरण 1870 च्या दशकात बांधून झालं, आणि जलाशयाला नाव पडलं ‘लेक फाइफ’. या कामाला बांधकामाचं साहित्य पुरवणाऱ्यांत एक ठेकेदार होते जोतीराव फुले. गवंड्याची आणि मजुराची बाजू त्यांनी धरणाच्या कामावर जवळून पाहिली, आणि खात्याचा कारभारही.

म्हणूनच 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी पाटबंधारे खात्याला सोडलं नाही. साहेब इंजिनिअर हाताखालच्यांवर सगळं टाकून देतात, पाण्याचा पैसा वेळेवर वसूल होतो आणि पाणी मात्र वेळेवर येत नाही, पिकं करपतात, ही त्यांची तक्रार. एवढ्यावर न थांबता त्यांनी एक मागणी केली, आणि ती मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते. काळ्या-गोऱ्या लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून डोंगरउतारांवर तालीसारखे बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे वळवाचं पाणी शेतांत मुरेल, असं त्यांनी सुचवलं. खातं लष्करातून जन्मलेलं, त्याने धरणाच्या पाण्यात छावणीचा वाटा आधीच धरलेला. जोतीराव म्हणत होते, आता त्याच लष्कराचे हात कुणब्याच्या बांधाला लावा. आपल्याकडे पाणलोटाचा विचार रुजायला त्यानंतर किती दशकं लागली, हे पाहिलं की त्यांच्या दृष्टीचा आवाका कळतो.

मुंबईत याच फौजी इंजिनिअरांनी शहराचा चेहरा घडवला. 1860 च्या दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेसमोर इमारती उठल्या. उच्च न्यायालय जेम्स फुलरचं, 1878 मध्ये पुरं झालं. जुनं सचिवालय हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचं, 1874 चं. दोघेही लष्करी हुद्द्याचे. प्रत्यक्ष जागेवर राबणाऱ्यांत रावबहादूर मुकुंद रामचंद्र हे सहायक इंजिनिअर होते. त्यांचं नाव अधिक घेतलं जायला हवं.

हळूहळू नागरी इंजिनिअर वाढले. इंग्लंडात 1870 च्या दशकात खास हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी कूपर्स हिलचं कॉलेज निघालं. पुण्याच्या कॉलेजातून बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या खात्यात नाशिकला रुजू झाले. पुढे 1903 मध्ये फाइफच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले आणि भिंत न वाढवता साठा वाढला. दुसऱ्या बाजूने लष्करी कामांची शाखा मूळ खात्यापासून सुटत गेली, आणि 26 सप्टेंबर 1923 रोजी ‘मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस’ उभी राहिली. छावणीतलं घर, नळ, वीज, धावपट्टी ही कामं एमईएसची झाली. नागरी रस्ते-इमारती बांधकाम खात्याकडे राहिल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 मध्ये याही खात्याचे दोन भाग झाले. एक पाटबंधारे व वीज, दुसरा इमारती व दळणवळण. जुने ठेकेदार अजून या दुसऱ्याला ‘बी अँड सी’च (बिल्डिंग्ज अँड कम्युनिकेशन्स) म्हणतात.

वाटणी पक्की झाल्याला एक वर्ष होत होतं तोवर खडकवासल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पानशेत धरणाची वेळ आली. धरण पाटबंधारे खात्याचं, भिंत मातीची आणि काम अपुरं. जुलै 1961 मध्ये बांध खचू लागला तेव्हा लष्कराला बोलावलं गेलं. जवानांनी रात्रभर भर पावसात वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही. 12 जुलैला ते फुटलं आणि त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फोडलं. पण फुटण्याची वेळ त्या पोत्यांनी काही तास पुढे ढकलली. रात्री झोपेत असता येणारा लोंढा पुण्यात दिवसाउजेडी आला, आणि त्या तासांमुळे नदीकाठच्या कितीतरी माणसांना घर सोडून उंचावर जाता आलं.